‘नोंद जतन झाली’, पण कोणती?

२१४७४८३६४७. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात हा आकडा दिसला, की पुढची हकिकत मला कुणी सांगावी लागत नाही. एका पतसंस्थेच्या सभासद यादीत तो जवळपास प्रत्येक नावासमोर होता. वसुली विभागातल्या ताईंची तक्रार साधी होती. “मॅडम, हप्त्याचे मेसेज कुणालाच पोचत नाहीत.” प्रत्येकाचा क्रमांक त्यांनी कागदी अर्जावरून वाचून भरला होता, भरल्यावर पुन्हा ताडून पाहिला होता आणि दर वेळी पडद्यावर हिरव्या पट्टीत उत्तर आलं होतं: ‘नोंद जतन झाली’. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तरी संस्थेत समज असा पसरला होता, की ताईंनी घाईघाईत एकच नंबर सगळीकडे चिकटवला.

त्या समजाचा मला आजही राग येतो. सहकारी संस्था, शाळा, वाचनालयं यांची जुनी वेब सॉफ्टवेअर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. या कामात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. काही बिनसलं तर डेटाबेस ते सांगतो. पण तो सांगतो कोडला, आणि कोडमध्ये ते ऐकून घेण्याची सोयच केलेली नसते. मग माहिती बिघडते, पैसे अडकतात आणि बोल लागतो खिडकीवर बसलेल्या माणसाला. म्हणून डेटाबेसचे इशारे आणि नकार हा विषय प्रोग्रामर मंडळींपुरता ठेवून चालणार नाही.

तीन उत्तरं

आपण वेबसाइटवर फॉर्म भरून बटण दाबतो, तेव्हा माहिती आधी सर्व्हरवरच्या कोडकडे जाते. कोड ती डेटाबेसला कळेल अशा भाषेत मांडून पुढे पाठवतो. ही मांडणी म्हणजे क्वेरी: ‘हा नवा सभासद नोंदव’, ‘त्या खात्याची शिल्लक सांग’. डेटाबेसचं उत्तर ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं. पहिलं, काम झालं. दुसरं, काम झालं, पण एवढं लक्षात घ्या, ही वॉर्निंग. तिसरं, काम होणार नाही, हा एरर. एरर आला की बहुतेक आधुनिक भाषांत एक्सेप्शन उभं राहतं. म्हणजे कोडचा नेहमीचा क्रम तिथेच थांबतो आणि ‘आता काय करायचं’ हे ठरवणारा भाग सापडेपर्यंत प्रश्न वरच्या वरच्या पातळीकडे जात राहतो. कुणीच तो हाती घेतला नाही तर काम बंद पडतं.

लोकांना भीती वाटते ती तिसऱ्या उत्तराची. मी पाहिलेलं सर्वाधिक नुकसान मात्र दुसऱ्या उत्तराने केलेलं आहे.

त्या पतसंस्थेचा डेटाबेस मायएसक्यूएल होता आणि मोबाइलचा रकाना ‘इंट’ प्रकारचा, म्हणजे ३२ बिटांत मावणाऱ्या पूर्णांकाचा. या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २१४७४८३६४७, म्हणजे सुमारे २१५ कोटी. भारतातले दहा अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ पासून सुरू होतात. संख्या म्हणून पाहिलं तर त्यातला लहानात लहानही ६०० कोटींच्या घरात जातो. त्यामुळे एकही क्रमांक मावणं शक्य नव्हतं. अशा वेळी कडक पद्धत, म्हणजे न मावणारी माहिती सरळ नाकारण्याची सेटिंग, चालू नसेल, तर मायएसक्यूएल मावेल ती जवळची संख्या ठेवतो आणि १२६४ क्रमांकाची वॉर्निंग देतो: मूल्य मर्यादेबाहेर आहे. ही वॉर्निंग डेटाबेस आपणहून कुठल्या फाइलीत लिहून ठेवत नाही. कोडने लगेच ‘शो वॉर्निंग्ज’ म्हणून विचारलं तर ती मिळते. तसं न विचारता कोड पुढच्या कामाला लागला, की ती पुसली जाते. इथे कोडने कधीच विचारलं नव्हतं. नोंद गेली एवढं पाहून त्याने हिरवी पट्टी दाखवली.

रकान्याचा प्रकार बदलून तो अक्षरांचा करणं हे काही मिनिटांचं काम होतं. खरे क्रमांक मात्र डेटाबेसमध्ये कुठेच शिल्लक नव्हते. कपाटातले कागदी अर्ज काढून ताईंना ते सगळे पुन्हा भरावे लागले.

मवाळपणा कुठून आला

मायएसक्यूएल असा का वागतो, यामागे इतिहास आहे. स्वीडनमध्ये १९९५ साली मायकेल विडेनिअस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणला, तेव्हा भर वेगावर होता. त्याच्या जुन्या साठवण पद्धतीत, मायआयसॅममध्ये, केलेलं काम मागे फिरवण्याची सोय नव्हती. शंभर ओळी भरताना चाळिसावी ओळ सदोष निघाली, तर आधीच्या एकोणचाळीस परत घेणार कशा? अर्धवट थांबण्यापेक्षा जवळचं मूल्य ठेवून पुढे जावं, असं तेव्हा ठरलं. ३१ फेब्रुवारी ही तारीख दिली तर सगळी शून्यं ठेवायची, नाव लांबलं तर शेपूट कापायचं, आणि सोबत वॉर्निंग द्यायची.

२००५ साली आलेल्या ५.० आवृत्तीत कडक पद्धत उपलब्ध झाली. पण सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्येच ती चालू असायला २०१५ ची ५.७ आवृत्ती यावी लागली. मधल्या दशकात हजारो वेबसाइट मवाळ पद्धतीवर विसंबून उभ्या राहिल्या. सर्व्हर नवा झाल्यावर त्या एकदम अडू लागल्या, तेव्हा सर्रास दिला गेलेला सल्ला होता, कडक पद्धत बंद करा. मला हा सल्ला घातक वाटतो. नव्या सर्व्हरने काहीच बिघडवलेलं नसतं. इतकी वर्षं गुपचूप बिघडत असलेलं त्याने पहिल्यांदा उघड केलेलं असतं.

मराठी वाचकांना याची झळ आणखी एका जागी बसली आहे. ८.० आवृत्ती २०१८ मध्ये येईपर्यंत मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच ‘लॅटिन-१’ होता, पश्चिम युरोपच्या भाषांपुरता. त्यात देवनागरीला जागाच नाही. मवाळ पद्धतीत अशा रकान्यात ‘विठ्ठल’ लिहिलं, तर सहा प्रश्नचिन्हं उरतात, कारण युनिकोडमध्ये तो शब्द सहा चिन्हांचा आहे. जुन्या याद्यांत ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसतात, तेव्हा लोक म्हणतात, फॉन्टचा घोटाळा असेल. कधी कधी तो खरंच फॉन्टचा असतो आणि सुधारतो. पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील, तर जगातला कुठलाही फॉन्ट ते नाव परत आणू शकत नाही. तिथेही प्रत्येक नोंदीमागे एक वॉर्निंग आलेली असते, क्रमांक १३६६. ती ऐकली असती तर पहिल्याच नावाला काम थांबलं असतं आणि बाकीची नावं वाचली असती.

कापलेल्या शेपटीतून चोर आत

वॉर्निंगने फार तर एखादी नोंद बिघडेल, असं कुणाला वाटत असेल तर २०१५ चा एप्रिल महिना आठवावा. वर्डप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीला त्या महिन्यात एकाच दुखण्यावर दोनदा तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

वर्डप्रेसवर वाचकाने लिहिलेला अभिप्राय साठवण्याआधी तपासला जातो, त्यात घातक कोड दडवलेला नाही ना म्हणून. तपासणी व्हायची पूर्ण मजकुराची. त्यानंतर तो डेटाबेसकडे जायचा. मायएसक्यूएलचा ‘यूटीएफ८’ नावाचा जुना अक्षरसंच एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, इमोजीला चार लागतात. मवाळ पद्धतीत असं चार बाइटांचं चिन्ह आलं, की तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जायचा. दुसरी कापाकापी लांबीची होती. अभिप्रायाचा रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा, म्हणजे ६५,५३५ बाइटांचा. देवनागरीत मोजलं तर २१,८४५ अक्षरांचा. त्याहून लांब मजकुराचं शेपूट जायचं.

हल्लेखोराला एवढं पुरेसं होतं. पूर्ण असताना निरुपद्रवी दिसणारा मजकूर अशा ठिकाणी कापला जाईल असा रचायचा, की उरलेल्या भागातलं अवतरणचिन्ह उघडंच राहील आणि त्यातून घातक कोड पान पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू होईल. पान पाहणारा साइटचा व्यवस्थापक असेल, तर अख्खी साइट हातात. चार बाइटांच्या चिन्हाची वाट २१ एप्रिलच्या ४.१.२ आवृत्तीने बंद केली. लांबीची वाट फिनलंडच्या जौको प्युन्नोनेन यांनी उघड केल्यावर २७ एप्रिलच्या ४.२.१ ने बंद झाली. तेव्हापासून वर्डप्रेस मजकूर पाठवण्याआधीच त्याची लांबी आणि अक्षरं रकान्याशी ताडून पाहतं. जुन्या प्लगइनांना त्रास होऊ नये म्हणून वर्डप्रेस आपल्या जोडणीपुरती मायएसक्यूएलची कडक पद्धत स्वतःच बंद करतं. त्यामुळे तिथे ही राखण कोडनेच करावी लागते.

या प्रकरणातून मी एक नियम घेतला. जे तपासलं तेच साठवलं गेलं पाहिजे. साठवताना अक्षरभरही बदल होणार असेल, तर नोंद नाकारलेली बरी.

नकार गिळणारा कोड

आता तिसऱ्या उत्तराकडे. डेटाबेस स्पष्ट ‘नाही’ म्हणाला, तरी ते वर पोचेलच असं नाही. पीएचपी ही भाषा वेब सर्व्हरवर सर्वाधिक वापरली गेलेली आहे. तिच्या जुन्या पद्धतीत क्वेरी फसली तर फक्त ‘फॉल्स’ एवढंच उत्तर मिळायचं. ते तपासणं प्रोग्रामरच्या मर्जीवर. न तपासता कोड पुढे गेला, की दोन ओळींनंतर भलत्याच ठिकाणी तक्रार उमटायची, ‘निकालाऐवजी फॉल्स मिळालं’. ज्या क्वेरीत दोष होता तिचा पत्ताच नाही. शिवाय ओळीच्या सुरुवातीला ‘अ‍ॅट’ चिन्ह लावलं की तीही तक्रार गप्प व्हायची. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० ने आणि वर्षभराने ८.१ ने हे बदललं. डेटाबेसशी बोलण्याच्या तिच्या दोन मुख्य मार्गांपैकी आधी पीडीओ आणि मग मायएसक्यूएलआय, दोन्ही आता आपणहून एक्सेप्शन उभं करतात.

तरीही माणूस वाट काढतोच. ‘ट्राय’ म्हणजे हे करून पाहा आणि ‘कॅच’ म्हणजे फसलं तर हे करा, अशी रचना जवळजवळ सगळ्या भाषांत आहे. कित्येक प्रोग्राममध्ये मला कॅचचे कंस सापडतात आणि आत काहीच नसतं. एक्सेप्शन येतं आणि तिथेच विरतं. ओरॅकल डेटाबेसच्या जगात हा दोष इतका बोकाळला होता, की टॉम काइट यांच्यासारख्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लिहिलं. अखेर ओरॅकलच्या ११जी आवृत्तीत अशा कोडबद्दल प्रोग्राम तयार होतानाच सावध करणारी वॉर्निंग आली.

घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार बांधली, तर दिवे चालू राहतात आणि तापलेली वायर भिंतीत धुमसत राहते. रिकामा कॅच म्हणजे ती जाड तार.

खरं तर एक्सेप्शनची कल्पना नेमकी याच्या उलट हेतूने मांडली गेली. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात या विषयाची जी मांडणी केली, तिचा गाभा मला आजही मोलाचा वाटतो. अडचण जिथे सापडते, तिथे तिचा अर्थ माहीत नसतो. अर्थ माहीत असतो तो काम सांगणाऱ्याला. म्हणून अडचण त्याच्यापर्यंत पोचवायची आणि निर्णय त्याने घ्यायचा. डेटाबेसला एवढंच कळतं, की हा क्रमांक दुसऱ्यांदा आला. तो सभासद क्रमांक असल्याने माणसाला परत विचारायला हवं, की बटण दोनदा दाबलं गेल्याने दुर्लक्ष करायला हवं, हे पतसंस्थेच्या कोडलाच कळू शकतं.

कुणी काय करायचं

म्हणून एक्सेप्शन हाती आलं की मी पहिला प्रश्न विचारते, हे सुधारणं कुणाच्या हातात आहे? क्वेरी लिहिण्याच्या प्रमाण भाषेत, एसक्यूएलमध्ये, प्रत्येक उत्तराला पाच अक्षरी संकेत असतो आणि पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात. ०१ म्हणजे वॉर्निंग, ०८ जोडणीची अडचण, २३ नियमभंग, ४० मागे फिरवलेला व्यवहार, ४२ चुकीची क्वेरी. पायथनमधल्या डेटाबेस मानकाने तर यांना निरनिराळी नावंच दिली आहेत. इंटिग्रिटी एरर वेगळा, ऑपरेशनल वेगळा, प्रोग्रामिंग वेगळा.

पहिला गट माणसाच्या हातातला. सभासद क्रमांक आधीच वापरलेला आहे, जन्मतारीख रिकामी आहे. इथे फॉर्म परत दाखवायचा, भरलेली माहिती जशीच्या तशी ठेवायची आणि मराठीत सांगायचं: ‘हा सभासद क्रमांक आधीच दुसऱ्या नावावर नोंदलेला आहे. क्रमांक तपासून पुन्हा भरा.’ काही जण म्हणतात, आधी शोधून पाहू आणि नसेल तरच नोंदवू, म्हणजे एररच येणार नाही. पण दोन खिडक्यांवर एकाच क्षणी तोच क्रमांक शोधला गेला, तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळेल आणि दोघंही नोंदवतील. खरी राखण डेटाबेसमध्ये घातलेला एकमेवतेचा निर्बंधच करतो. त्याचा नकार, मायएसक्यूएलमधला १०६२, हा व्यवहाराचा नेहमीचा भाग समजून कोडने झेलायला हवा.

दुसरा गट काळाच्या हातातला. एक व्यवहार खातं ‘अ’ कुलूपबंद धरून ‘ब’ ची वाट पाहतो, दुसरा ‘ब’ धरून ‘अ’ ची. याला डेडलॉक म्हणतात. मायएसक्यूएलचा इनोडीबी हा भाग ही कोंडी ओळखतो, एकाचा व्यवहार पूर्ण मागे फिरवतो आणि १२१३ क्रमांकाचा एरर देतो. इथे माणसाला त्रास द्यायचं कारण नाही. कोडने क्षणभर थांबून तो व्यवहार पहिल्या पायरीपासून पुन्हा करावा, मोजक्याच वेळा, आणि तरी जमलं नाही तर सांगावं.

याच गटातला एक एरर मला सर्वांत धोकादायक वाटतो. कुलूप उघडण्याची वाट पाहून इनोडीबी कंटाळला, मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंदांनी, की १२०५ देतो. डेडलॉकमध्ये पूर्ण व्यवहार मागे जातो. इथे मात्र, सेटिंग बदललेलं नसेल तर, फक्त शेवटची क्वेरी मागे जाते. समजा, एका खात्यातून ५,००० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा करताना १२०५ आला. कोडने एक्सेप्शन गिळून शेवटी ‘कमिट’, म्हणजे ‘आता हे कायम कर’, म्हटलं, तर वजा कायम होतं आणि जमा होतच नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस इथे जास्त काटेकोर आहे. व्यवहारात एकदा एरर आला, की व्यवहार मागे घेईपर्यंत तो पुढची एकही क्वेरी ऐकत नाही आणि कमिट म्हटलं तरी मागेच फिरवतो. पण डेटाबेस कोणताही असो, पैशाच्या कोडमध्ये माझा शिरस्ता एकच आहे. मध्ये काहीही फसलं तर सगळं मागे, आणि मग पुढचा विचार.

तिसरा गट प्रोग्रामरच्या हातातला. रकान्याचं नाव चुकलं, टेबलच नाही, क्वेरीचं व्याकरण मोडलं. इथे पुन्हा प्रयत्न करून काही होणार नाही. माणसाला दिलगिरीचा संदेश आणि एक संदर्भ क्रमांक द्यावा, आणि पूर्ण तपशील त्याच क्रमांकाने लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, लिहावा.

उरतो चौथा, ज्याचा निकालच ठाऊक नाही असा गट. कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत जोडणी तुटली. झालं की नाही? यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाने हा पेच अनुभवला आहे. खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या. यूपीआयने खात्यातून खात्यात पैसे पाठवताना असं घडलं, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. आपल्या कोडमध्ये यावर उपाय आहे. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि त्यावर एकमेवतेचा निर्बंध घालायचा. शंका आली तर त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचं. डेटाबेस ‘हा क्रमांक आधीच आहे’ म्हणाला, तर पहिला व्यवहार झाला होता हे सिद्ध झालं. नकारच इथे पुरावा बनतो.

पडद्यावर किती, लॉगमध्ये किती

डेटाबेसचा एरर जसाच्या तसा पडद्यावर दाखवणं हेही तितकंच वाईट. त्यात टेबलांची नावं असतात, क्वेरीचे तुकडे असतात, फाइलींचे पत्ते असतात. वेब पानातून डेटाबेसमध्ये परक्या क्वेरी घुसवण्याचा प्रकार, एसक्यूएल इंजेक्शन, जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात मांडला. तेव्हापासून आजपर्यंत असे मोकाट एरर संदेश हल्लेखोरांचे वाटाडे ठरले आहेत. खिडकीवरच्या ताईंना त्यातून काहीच कळत नाही. ज्याला कळू नये त्याला मात्र सगळं कळतं. म्हणून पडद्यावर माणसाच्या उपयोगाचं तेवढंच, आणि लॉगमध्ये दुरुस्तीला लागेल ते सगळं, पासवर्ड आणि आधार क्रमांक वगळून.

आणि तो लॉग कुणीतरी वाचला पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेएसक्यूएल ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून ते साधन एरर देऊन थांबत होतं. एररची ईमेलही जात होती. पण तिच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी घेतलेली प्रत हाती होती म्हणून बाकीचं वाचलं. तेवढ्या तासांचं काम मात्र कायमचं गेलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. एरर दिला गेला होता, पाठवलाही गेला होता. तो पोचतो का, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं.

हे बदलता येतं

जुन्या सॉफ्टवेअरवर कडक पद्धत एका रात्रीत लादू नये. मी आधी डेटाबेसची प्रत काढते आणि तिच्यावर कडक पद्धत चालू करून नेहमीची कामं करून पाहते. दरम्यान चालू सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीनंतर वॉर्निंग विचारून लॉगमध्ये लिहायची सोय करते. काही दिवसांत कुठला रकाना अपुरा आहे, कुठली तारीख शून्य होते, याची यादीच तयार होते. ती निपटली, की मगच खऱ्या सर्व्हरवर बदल. त्यानंतर एकही कॅच रिकामा ठेवायचा नाही. एकतर त्यात निर्णय असावा, नाहीतर एक्सेप्शन वर जाऊ द्यावं.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. ताबा घेताना नीट भरलेला फॉर्म पाहून समाधान मानू नका. संचालकांनी आणि कर्मचाऱ्यांनी समोर बसून मुद्दाम चुकीचं भरावं. अकरा अंकी मोबाइल क्रमांक. ३१ फेब्रुवारी ही जन्मतारीख. रकान्यापेक्षा लांब मराठी नाव. आधीच असलेला सभासद क्रमांक. आणि पैसे भरताना मध्येच काढलेली नेटची वायर. प्रत्येक वेळी पडद्यावर काय आलं, डेटाबेसमध्ये काय राहिलं आणि लॉगमध्ये काय लिहिलं गेलं, हे तिन्ही दाखवायला सांगावं. हे करारातच घालून घ्यावं आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. चुकीच्या माहितीला जे सॉफ्टवेअर स्पष्ट आणि समजेल अशा शब्दांत ‘नाही’ म्हणू शकतं, त्याच्याच ‘हो’वर संस्थेने आपल्या सभासदांची नावं आणि पैसे सोपवावेत.